ठाणे खाडीतील किनारपक्ष्यांचे परतीचे स्थलांतर

ठाणे खाडीतील किनारपक्ष्यांचे परतीचे स्थलांतर ही दरवर्षी साधारणपणे जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत घडणारी नैसर्गिक घटना आहे. उत्तर गोलार्धातील उन्हाळा ओसरू लागला की आर्क्टिक टुंड्रा, सायबेरिया, मध्य आशिया आणि तिबेटचे पठार येथे वीण पूर्ण केलेले किनारपक्षी दक्षिणेकडे निघतात. त्यांपैकी मोठी संख्या भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील खाड्या, चिखलपट्टे आणि मिठागरे यांच्या आश्रयाला येते. काही पक्षी येथेच हिवाळा काढतात, तर काही विश्रांती घेऊन पुढे जातात. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या शहरांच्या मधोमध असलेली ठाणे खाडी हे या स्थलांतराच्या निरीक्षणासाठी महाराष्ट्रातील महत्त्वाचे ठिकाण मानले जाते.

ही खाडी सर्वसामान्यांना मुख्यतः रोहित पक्ष्यांमुळे परिचित आहे. रोहितांचे मोठे थवे मात्र पावसाळा संपल्यानंतर येतात. किनारपक्ष्यांचे आगमन त्याआधी, पाऊस चालू असतानाच सुरू होते. त्यामुळे हा हंगाम तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. या पक्ष्यांना ओहोटीच्या वेळी उघडे पडणारे चिखलपट्टे आणि भरतीच्या वेळी कोरडी राहणारी विसाव्याची जागा अशा दोन्ही गोष्टींची गरज असते. खाडीतील चिखलपट्ट्यांना कायदेशीर संरक्षण मिळाले असले, तरी विसाव्याच्या अनेक जागा त्या संरक्षणाच्या बाहेर आहेत. या स्थलांतराच्या संवर्धनातील हा मध्यवर्ती प्रश्न आहे.

## भौगोलिक पार्श्वभूमी

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब असून ती साष्टी बेटाला मुख्य भूमीपासून वेगळे करते. उत्तरेस ठाणे शहराजवळ ती अरुंद प्रवाहाने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली आहे, तर दक्षिणेस ती मुंबई बंदराच्या विस्तृत जलक्षेत्रात मिळते. पश्चिम काठावर मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, मानखुर्द आणि तुर्भे ही मुंबईची उपनगरे, तर पूर्व काठावर ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी आणि नेरूळ हे नवी मुंबईचे भाग आहेत.

खाडीच्या दोन्ही काठांवर खारफुटीचे दाट पट्टे असून त्यांत तिवर ही वनस्पती प्रमुख आहे. खारफुटी आणि मधला जलप्रवाह यांच्या दरम्यान ओहोटीच्या वेळी विस्तीर्ण चिखलपट्टे उघडे पडतात. वरवर ओसाड भासणाऱ्या या चिखलात वलयी कृमी, लहान खेकडे, शिंपले, गोगलगायी आणि सूक्ष्म कवचधारी प्राणी विपुल असतात. हे प्राणी म्हणजे किनारपक्ष्यांचे मुख्य अन्न होय. खारफुटीच्या मागे काही ठिकाणी मिठागरे, खाजण जमिनी आणि उथळ पाण्याची तळी आहेत. ही भूमी चिखलपट्ट्यांपेक्षा थोडी उंच असल्यामुळे भरतीच्या वेळीही तिचा काही भाग कोरडा किंवा अगदी उथळ पाण्याखाली राहतो.

## स्थलांतराची कारणे आणि मार्ग

उत्तर ध्रुवाजवळील टुंड्रा प्रदेशात उन्हाळा अल्पकाळ टिकतो. जून आणि जुलै या महिन्यांत तेथे दिवस अतिशय मोठा असतो आणि कीटकांची रेलचेल असते. त्या अवधीत अंडी घालणे, उबवणे आणि पिलांची वाढ होणे हे सारे पूर्ण व्हावे लागते. किनारपक्ष्यांची पिले अंड्यातून बाहेर पडल्यानंतर थोड्याच वेळात चालू लागतात आणि स्वतःचे अन्न स्वतः टिपतात. त्यामुळे अनेक प्रजातींमध्ये प्रौढ पक्षी पिलांच्या आधीच वीणक्षेत्र सोडतात. मागे राहिलेली पिले काही आठवड्यांनी, पालकांच्या मार्गदर्शनाविना, उपजत दिशाज्ञानाच्या आधारे आयुष्यातील पहिला प्रवास करतात.

लांब उड्डाणापूर्वी हे पक्षी भरपूर खाऊन शरीरात चरबी साठवतात. काही प्रजातींमध्ये या काळात वजन जवळजवळ दुप्पट होते. वाटेत ठिकठिकाणच्या पाणथळ जागांवर उतरून ही शिदोरी पुन्हा भरून घ्यावी लागते. पट्टेरी शेपटीच्या गॉडविट या किनारपक्ष्याने २०२२ मध्ये अलास्का ते टास्मानिया असे सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर न थांबता पार केल्याची नोंद उपग्रह यंत्राद्वारे झाली. तो पक्षी पॅसिफिक महासागरावरील मार्गाचा प्रवासी होता. मात्र या गटातील पक्ष्यांची क्षमता त्यावरून लक्षात येते.

ठाणे खाडी मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येते. हा मार्ग आर्क्टिक महासागरापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला असून त्यात ३० देशांचा समावेश होतो. जगातील प्रमुख उड्डाणमार्गांत त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यावरून जाणाऱ्या पक्ष्यांना हिमालय व त्यालगतच्या पर्वतरांगा ओलांडाव्या लागतात किंवा त्यांना वळसा घालून यावे लागते.

## हंगामाचा कालक्रम

जुलैची अखेर ते ऑगस्टचा मध्य. तुतवार, हिरवी तुतारी, ठिपकेवाली तुतारी आणि लाल पायांचा टिलवा हे सर्वांत आधी दिसू लागणाऱ्या पक्ष्यांपैकी होत. तिबेटी वाळू चिखल्यांचे पहिले थवेही याच सुमारास उतरतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या सागरी मासेमारीवरील पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते आणि कोळी समाज नारळी पौर्णिमेच्या तयारीला लागतो. किनारपक्ष्यांचे पहिले आगमन साधारणपणे त्याच दिवसांत होते.

ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा प्रारंभ. या काळात प्रौढ पक्ष्यांची संख्या वाढते. त्यांपैकी अनेकांच्या अंगावर विणीच्या पिसाऱ्याचे अवशेष असतात. कर्ल्यू सँडपायपरचे पोट विटकरी तांबडे, तर करड्या चिखल्याचे आणि सोनेरी चिखल्याचे पोट काळ्या ठिगळांचे दिसते. हिवाळ्यात हेच पक्षी करडे-पांढरे आणि एकमेकांसारखे भासतात. विणीचे रंग पाहण्याची संधी भारतातील निरीक्षकांना वर्षातून दोनदाच मिळते: एकदा आगमनाच्या वेळी आणि एकदा एप्रिल-मेमध्ये, पक्षी परत जाण्यापूर्वी.

सप्टेंबर ते ऑक्टोबर. त्या वर्षी जन्मलेले पक्षी येऊ लागतात. त्यांची पिसे नवी, नीटस आणि फिकट कडांची असल्यामुळे पाठीवर खवल्यांसारखी नक्षी दिसते. प्रौढांची पिसे याच वेळी झिजलेली असतात. थव्यातील नवजात पक्ष्यांचे प्रमाण मोजल्यास त्या वर्षीची वीण कितपत यशस्वी झाली याचा अंदाज बांधता येतो. कर्ल्यू सँडपायपरच्या बाबतीत हे प्रमाण टुंड्रामधील लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याच्या संख्येशी निगडित असल्याचे आढळले आहे. लेमिंग विपुल असले की कोल्हे आणि इतर शिकारी त्यांच्यावर गुजराण करतात. लेमिंग घटले की तेच शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांकडे आणि पिलांकडे वळतात.

ऑक्टोबरनंतर. वाटसरू पक्षी पुढे निघून जातात आणि हिवाळी मुक्कामाचे पक्षी स्थिरावतात. तपकिरी डोक्याचे कुरव, बदके आणि पुढे रोहित यांच्या आगमनाने खाडीचे हिवाळी रूप पूर्ण होते.

काही पक्षी परतीच्या प्रवासाला जातच नाहीत. अनेक किनारपक्षी पहिल्या वर्षी वीण करत नाहीत आणि पावसाळाभर खाडीतच थांबतात. त्यामुळे जूनमध्ये दिसलेला करड्या पिसाऱ्याचा पक्षी हा लवकर आलेला पाहुणा नसून मागे राहिलेला असण्याची शक्यता अधिक असते.

## प्रमुख प्रजाती

किनारपक्ष्यांची मराठी नावे प्रदेशानुसार बदलतात आणि काही प्रजातींना रूढ मराठी नाव नाही. अशा ठिकाणी प्रचलित इंग्रजी नाव वापरले जाते.

* तिबेटी वाळू चिखल्या. पूर्वी लेसर सँड प्लोव्हर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्ष्याचे अलीकडे सायबेरियन आणि तिबेटी अशा दोन प्रजातींत विभाजन करण्यात आले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येणारे बहुतेक पक्षी तिबेटी प्रजातीचे असतात. हे पक्षी लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच पठारांवर वीण करतात. थोडे धावायचे, थबकायचे आणि टिपायचे ही चिखल्यांची अन्न शोधण्याची खास लकब होय.
* कर्ल्यू सँडपायपर. सायबेरियाच्या टुंड्रामध्ये वीण करणारा, खाली वाकलेल्या चोचीचा पक्षी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला असुरक्षित वर्गात टाकले.
* छोटा टिलवा. चिमणीएवढ्या आकाराचा, आर्क्टिकमधून येणारा पक्षी. त्याचे थवे चिखलावर सतत धावपळ करत वरच्या थरातील अन्न टिपतात.
* ब्रॉड-बिल्ड सँडपायपर. छोट्या टिलव्याहून किंचित मोठा. डोक्यावरील दुहेरी भुवईसारख्या रेषा आणि टोकाशी किंचित झुकलेली चोच ही त्याची ओळख. तोही २०२४ पासून असुरक्षित वर्गात आहे.
* करडा चिखल्या. उडताना काखेत दिसणारा काळा डाग ही त्याची निर्णायक खूण होय. २०२४ मध्ये त्याचीही नोंद असुरक्षित म्हणून झाली.
* सोनेरी चिखल्या. सायबेरिया आणि अलास्का येथे वीण करणारा पक्षी. चिखलपट्ट्यांबरोबरच गवताळ खाजणांतही आढळतो.
* काळ्या शेपटीचा मालगुजा. लांब, सरळ चोचीचा आणि उंच पायांचा पक्षी. उथळ, निमखाऱ्या पाण्यातील तळ्यांवर त्याचे मोठे थवे जमतात. तो संकटसमीप वर्गात आहे.
* कोरल. भारतात येणाऱ्या किनारपक्ष्यांमधील आकाराने सर्वांत मोठ्या पक्ष्यांपैकी एक. खाली वळलेल्या लांबलचक चोचीने तो खोल बिळांतील खेकडे आणि कृमी काढतो. हा पक्षीही संकटसमीप आहे. त्याहून लहान आणि डोक्यावर पट्टे असलेला व्हिम्ब्रेल हा त्याचा नातलग होय.
* लाल पायांचा टिलवा. लडाख आणि मध्य आशियात वीण करणारा, सावध स्वभावाचा पक्षी. धोका दिसताच तो प्रथम ओरडतो आणि त्याच्यामागोमाग सारा थवा उडतो.
* टेरेक सँडपायपर. वर वळलेली चोच आणि पिवळसर नारिंगी पाय असलेला, खेकड्यांमागे वेगाने धावणारा पक्षी.

या पाहुण्यांबरोबर शेकाट्या, टिटवी, कंठेरी चिखल्या, बगळे आणि शराटी असे पक्षी खाडीपरिसरात वर्षभर आढळतात. पावसाळी वाऱ्यांमुळे खोल समुद्रातील पक्षी क्वचित भरकटून किनाऱ्यावर येतात. मास्क्ड बूबीसारख्या समुद्रपक्ष्यांच्या मुंबई परिसरातील नोंदी प्रामुख्याने पावसाळ्यातील आहेत.

## भरती-ओहोटी आणि पक्ष्यांचा दिनक्रम

किनारपक्ष्यांचा दिनक्रम सूर्यापेक्षा समुद्राच्या पाण्यावर अधिक अवलंबून असतो. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. ओहोटी लागली की पक्षी सरकत्या पाण्याच्या कडेने चिखलावर पसरतात. भरती चढू लागली की ते काठाकडे ढकलले जातात आणि अखेरीस विसाव्याच्या जागी उडून जातात. ओहोटी रात्री असल्यास अनेक प्रजाती रात्रीही अन्न शोधतात.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती येते. उधाणाच्या काळात मुंबई बंदरात पाण्याच्या पातळीतील फरक चार मीटरहून अधिक होऊ शकतो. भांगाच्या काळात तो बराच कमी असतो. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक पारंपरिक ठोकताळा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची स्थूल वेळ मिळते. उदाहरणार्थ, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. अमावास्या आणि पौर्णिमेला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास असते. अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचे अधिकृत तक्ते वापरले जातात. खाडीच्या आतल्या भागात भरती मुखापेक्षा काहीशी उशिरा पोहोचते.

या गणिताचा पक्षी-निरीक्षणाशी थेट संबंध आहे. उधाणाच्या दिवसांत पहाटे चिखल दूरवर उघडा असतो आणि पक्षी दुर्बिणीच्या टप्प्याबाहेर विखुरलेले असतात. सकाळी नऊनंतर पाणी चढू लागते, पक्षी जवळ येतात आणि भर दुपारी विसाव्याच्या जागांवर दाटीने जमतात. भांगाच्या दिवसांत चिखलाचा काही भाग भरतीतही उघडा राहू शकतो. अशा वेळी पक्षी विसाव्याच्या जागांकडे फिरकतीलच असे नाही. त्यामुळे एखाद्या तळ्यावर एका दिवशी हजारो पक्षी आणि आठवड्याने एकही नाही, असे चित्र दिसू शकते. एकाच भेटीवरून ती जागा पक्ष्यांनी सोडली असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

## निरीक्षणाची ठिकाणे

भांडुप. खाडीच्या पश्चिम काठावरील भांडुप उदंचन केंद्राचा परिसर पक्षी-निरीक्षकांना दीर्घकाळ परिचित आहे. खारफुटी, मिठागरे आणि उथळ तळी एकत्र असल्यामुळे येथे किनारपक्ष्यांबरोबर पाणपक्षी, शिकारी पक्षी आणि झुडपी पक्षीही दिसतात.

शिवडी. मुंबई बंदराच्या पश्चिम काठावरील शिवडी-माहुल परिसर महत्त्वाचे पक्षीक्षेत्र म्हणून ओळखला जातो. १९९० च्या दशकापासून येथील रोहित प्रसिद्धीस आले. येथील चिखलपट्ट्यांवरून शिवडी ते न्हावा हा सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू जातो. हा सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला.

ऐरोली. पूर्व काठावरील ऐरोली येथे राज्याच्या कांदळवन कक्षाशी संलग्न सागरी व किनारी जैवविविधता केंद्र आहे. येथून बोटीने खाडीत जाऊन रोहित पाहण्याची सोय मुख्यतः हिवाळी हंगामात असते.

नेरूळ आणि सीवूड्स. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागील आणि त्यालगतच्या पाणथळ जागा भरतीच्या वेळी खाडीतील पक्ष्यांच्या विसाव्याच्या जागा म्हणून महत्त्वाच्या आहेत.

उरण. बंदराच्या पूर्वेस असलेल्या उरण तालुक्यातील पाणजे आणि आसपासच्या पाणथळी ठाणे खाडीच्या बाहेर असल्या, तरी पक्ष्यांच्या दृष्टीने त्या त्याच जलक्षेत्राचा भाग आहेत.

याच किनाऱ्यावर दक्षिणेला अलिबागजवळील आक्षीचा वालुकामय किनारा सँडर्लिंग, वाळू चिखले, कुरव आणि सुरय यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. चिखलातील आणि वाळूतील पक्ष्यांची तुलना करण्यासाठी ही दोन ठिकाणे परस्परपूरक ठरतात.

## ओळख आणि निरीक्षणाची पद्धत

किनारपक्ष्यांची ओळख पक्षी-निरीक्षणातील अवघड भागांपैकी एक समजली जाते. रंग ऋतू आणि वयानुसार बदलत असल्याने आकार, चोचीची लांबी व वळण, पायांचा रंग, अन्न शोधण्याची रीत, उडतानाच्या पंखांवरील पट्ट्या आणि आवाज यांवर भर दिला जातो. टिटवी किंवा शेकाट्यासारख्या परिचित स्थानिक पक्ष्याशी तुलना केल्यास अनोळखी पक्ष्याच्या आकाराचा अंदाज येतो. चोचीच्या लांबीवरून पक्षी चिखलाच्या कोणत्या थरातील अन्न खातो हेही कळते. चिखले डोळ्यांनी शोधून पृष्ठभागावरील भक्ष्य टिपतात. तुतारी, मालगुजा आणि कोरल चोच खुपसून खालच्या थरांतील भक्ष्य काढतात. अनेक प्रजातींच्या चोचीचे टोक अतिशय संवेदनशील असल्यामुळे चिखलात न दिसणारे भक्ष्यही त्यांना जाणवते. अशा रीतीने अनेक प्रजाती एकाच पट्ट्यावर फारशी स्पर्धा न करता चरू शकतात.

दूरच्या थव्यांसाठी तिकाटण्यावर बसवलेली एकनेत्री दुर्बीण उपयुक्त ठरते. मोठ्या थव्यातील संख्या काढताना आधी दहा किंवा शंभर पक्ष्यांचा गट मोजून त्या मापाने उरलेल्या थव्याचा अंदाज केला जातो. पक्षी विसाव्याच्या जागी बसलेले असताना केलेली गणना अधिक विश्वसनीय मानली जाते, कारण त्या वेळी विखुरलेले पक्षी एकत्र आलेले असतात. काही पक्ष्यांच्या पायांत धातूची कडी किंवा रंगीत पट्टी आढळते. पट्टीचा रंग, तिचे पायावरील स्थान आणि तिच्यावरील अक्षरे नोंदवल्यास तो पक्षी कोठे पकडून सोडला होता हे शोधता येते.

## नोंदी आणि अभ्यास

१८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने भारतातील पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया घातला. १९५९ पासून पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या पुढाकाराने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने संस्थेने पक्ष्यांना कडी घालण्याचा व्यापक प्रकल्प राबवला. मुंबई परिसरातील किनारपक्ष्यांवर संस्थेचे काम पुढेही चालू राहिले.

पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होते. महाराष्ट्रात सालिम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा केला जातो. हे दोन्ही उपक्रम हिवाळी मुक्कामाच्या पक्ष्यांची माहिती देतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खाडीत थांबून पुढे जाणारे पक्षी त्यांत येत नाहीत. ६ सप्टेंबर हा जागतिक किनारपक्षी दिन त्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण त्या सुमारास होणारी गणना नेमकी परतीच्या हंगामात येते. ई-बर्डसारख्या नोंदसंचावर स्थानिक निरीक्षकांनी वर्षभर केलेल्या नोंदींमुळेही ही उणीव काही अंशी भरून निघते. एकाच जागेला ठरावीक अंतराने दिलेल्या भेटी आणि पक्षी न दिसल्याचीही प्रामाणिक नोंद यांना अशा अभ्यासात विशेष मोल असते.

अशाच नोंदींवर आधारलेल्या भारतातील पक्ष्यांची स्थिती या २०२० आणि २०२३ च्या अहवालांत दूर अंतरावरून येणारे स्थलांतरित किनारपक्षी मोठ्या प्रमाणात घटल्याचे दिसून आले.

## संरक्षण आणि धोके

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेल्या अंतरिम आदेशामुळे आणि २०१८ च्या अंतिम निकालामुळे राज्यातील खारफुटीला भक्कम संरक्षण मिळाले. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. ६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडीतील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. त्यात सुमारे ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. २०२२ मध्ये सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्रासह ठाणे खाडीचा रामसर यादीत समावेश झाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे ते महाराष्ट्रातील तिसरे रामसर स्थळ होय.

ही संरक्षणे मुख्यतः खारफुटी, चिखलपट्टे आणि जलप्रवाह यांना लागू आहेत. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेतही खारफुटी आणि जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात स्थान आहे. मिठागरांची स्थिती वेगळी आहे. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांत मीठ उत्पादन, मत्स्यशेती आणि सिंचन यांसाठी तयार केलेले जलसाठे पाणथळ जागांच्या व्याख्येतून वगळले आहेत. परिणामी ज्या उघड्या, सपाट जागी पक्षी भरतीचे तास काढतात, त्यांपैकी अनेक जागा कागदोपत्री पाणथळ ठरत नाहीत आणि त्यांवर भराव व बांधकामाचा दबाव राहतो.

विसाव्याची जागा नष्ट झाली म्हणजे पक्ष्यांनी दुसरीकडे बसावे इतका हा प्रश्न सोपा नाही. खारफुटीच्या दाट झाडीत बहुतेक किनारपक्षी बसू शकत नाहीत. शिकारी पक्षी दुरून दिसावेत यासाठी त्यांना उघडी जमीन लागते. जवळ जागा नसल्यास दिवसातून दोन वेळा दूरवर उडून जावे लागते आणि खाऊन मिळवलेली ऊर्जा त्यातच खर्च होते. आगमनानंतरच्या आठवड्यांत याचा ताण अधिक असतो, कारण हजारो किलोमीटरच्या प्रवासाने थकलेल्या अनेक प्रौढ पक्ष्यांची उड्डाणपिसे याच काळात झडून नवी येऊ लागतात. या प्रक्रियेला पुष्कळ ऊर्जा लागते आणि ती चालू असताना उडण्याची क्षमता कमी झालेली असते. नवी मुंबईतील विसाव्याच्या जागा नाहीशा झाल्यास पक्षी विमानतळासारख्या इतर मोकळ्या मैदानांकडे वळण्याची शक्यता आहे, याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने लक्ष वेधले आहे. त्यामुळे पाणथळींचे रक्षण हा विमानवाहतुकीच्या सुरक्षिततेचाही विषय ठरतो.

इतर धोक्यांमध्ये सांडपाणी, औद्योगिक प्रदूषण, घनकचरा, पाणथळींना भरतीचे पाणी पोहोचवणारे प्रवाह बंद होणे आणि भटक्या कुत्र्यांचा उपद्रव यांचा समावेश होतो. खाडीत गाळ साचून चिखलपट्ट्यांवर खारफुटी पसरत जाणे हीदेखील विचार करण्याजोगी बाब आहे. खारफुटी वाढणे सामान्यतः इष्ट मानले जाते. पण ती उघड्या चिखलावर वाढल्यास किनारपक्ष्यांचे चरण्याचे क्षेत्र आक्रसते.

## निरीक्षकांसाठी संकेत

विसावा घेणाऱ्या थव्याला उडवणे हा या हंगामातील सर्वांत गंभीर व्यत्यय समजला जातो. थव्यातील पक्षी माना वर करून चालू लागले किंवा इशारा देणारा आवाज काढू लागले, म्हणजे निरीक्षक जास्त जवळ आला आहे असे समजून मागे हटणे अपेक्षित असते. छायाचित्रासाठी थवा मुद्दाम उडवणे, त्यावरून ड्रोन नेणे आणि चिखलात उतरणे टाळले जाते. खाडीचा चिखल अनेक ठिकाणी खोल असून भरती वेगाने चढते, त्यामुळे तो माणसांसाठीही धोकादायक आहे. अभयारण्य, बंदर आणि पालिकेच्या हद्दीतील जागांवर संबंधित विभागांचे प्रवेशनियम लागू असतात. स्थानिक कोळी आणि आगरी रहिवाशांना खाडीचे प्रवाह, भरतीच्या वेळा आणि पक्ष्यांच्या हालचाली यांची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती असल्यामुळे नव्या निरीक्षकांना त्यांचे मार्गदर्शन मोलाचे ठरते.

## हेही पाहा

* ठाणे खाडी रोहित अभयारण्य
* मध्य आशियाई उड्डाणमार्ग
* रामसर करार
* खारफुटी
* सालिम अली
* मिठागर